ऐकणे आणि पटणे : पंडिता रमाबाईंचा धर्मशोध

धर्म बदलायला एक दिवस पुरतो. त्या दिवशी घरातले जुने देव बाहेर जातात, नवी वचने तोंडाने म्हटली जातात, गावभर बातमी होते. परंतु त्या वचनांचा अर्थ मनात रुजायला किती काळ लागेल, हे पंचांग पाहून सांगता येत नाही. कोणाला ती पहिल्याच दिवशी पटतात. कोणाला वर्षे लागतात. कोणी जन्मभर ती नुसती म्हणत राहतो. नुकतेच धर्मांतर झालेल्या घरात ही तिन्ही प्रकारची माणसे एकाच चटईवर बसलेली असतात.

आज तुम्हाला पंडिता रमाबाईंची हकीकत सांगायची आहे. त्या जन्माने चित्पावन ब्राह्मण आणि पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यांची वाट तुमची वाट नव्हे. तरीही कानावर पडलेले धर्मवचन माणसाची स्वतःची श्रद्धा कसे बनते, हे त्यांच्या चरित्रात जितके स्वच्छ दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसते. हा प्रवास त्यांनी १९०७ साली स्वतः लिहून ठेवला आणि त्यात स्वतःला कमीपणा आणणाऱ्या गोष्टीही लपवल्या नाहीत. म्हणून तो वाचण्यासारखा आहे.

पुण्य म्हणून ऐकणे

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. हा प्रदेश आज कर्नाटकात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. आपले गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवतात हे पाहून त्यांच्या मनाने घेतले की आपल्या पत्नीलाही शिकवावे. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न केले आणि त्यांना शिकवले. बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून शास्त्रीमंडळींनी जाब विचारला, तेव्हा त्यांनी आधार दाखवून आपली बाजू मांडली. पण गावातला त्रास नको म्हणून अरण्यात जाऊन घर केले.

एवढ्या धीराच्या माणसानेही एक रेषा ओलांडली नाही, हे लक्षात घ्या. पत्नीला आणि मुलीला पुराणे, काव्य, व्याकरण शिकवले. वेद शिकवला नाही. स्त्रीने वेद ऐकू नये, म्हणू नये, हा निर्बंध त्यांनीही पाळला. वेदाबाहेर ठेवलेल्यांत स्त्रिया होत्या आणि शूद्र होते. त्याच्याही पलीकडे कोणाला ठेवले होते, हे तुम्हाला सांगायला नको.

आल्यागेल्या यात्रेकरूंचा पाहुणचार करता करता डोंगऱ्यांची संपत्ती संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणले. पुढची अनेक वर्षे घर असे नव्हतेच. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर बसायचे, मोठ्या आवाजात पुराण वाचायचे, लोक जी दक्षिणा आणि शिधा देतील त्यावर जगायचे. रमाबाईंनी आईकडून संस्कृत शिकून भागवत पुराण मुखोद्गत केले आणि त्याही पुराण सांगू लागल्या.

या धंद्याविषयी त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले आहे. पुराणिक संस्कृत श्लोक सुरात म्हणतो. ऐकणारे येतात, देवाला आणि पोथीला नमस्कार करतात, फुले-पैसे ठेवतात आणि बसतात. पुष्कळांना भाषा कळत नाही, काय सांगितले ते आठवत नाही. पण पवित्र शब्द कानावर पडला की पाप जाते, अशी समजूत. कळण्याची गरज ना ऐकणाऱ्याला वाटते, ना सांगणाऱ्याला. ऐकणे हेच पुण्य आणि त्या पुण्याचा मोबदला म्हणजे दक्षिणा.

वाचकहो, ज्या मुलीचे बालपण अशा श्रवणावर पोसले गेले, तिला पुढे अर्थ कळल्याशिवाय एकही वचन मान्य करवेना. या बदलाची किंमत तिने फार मोठी मोजली.

दुष्काळाने विचारलेला प्रश्न

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई पडली. डोंगरे कुटुंबाने उरलेला पैसा देवधर्मात आणि ब्राह्मणांना दान देण्यात घालवला. देव प्रसन्न झाला की सगळे ठीक होईल ही आशा. अंगमेहनतीचे काम त्यांना येत नव्हते, आणि भीक मागायला किंवा हलके काम करायला जातीचा अभिमान आड येत होता. झाडपाला खाऊन दिवस काढले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

सांगितलेले सगळे केले. तीर्थे झाली, व्रते झाली, पारायणे झाली. मग देव का पावला नाही? दोघे भावंडे हा प्रश्न घेऊन चालत राहिली. उपाशीतापाशी, थंडीवाऱ्यात, उत्तर हिंदुस्थानभर शेकडो कोस पायपीट करून १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली.

कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तिथेच दोन प्रसंग घडले. एका ख्रिस्ती मेळाव्याला भावंडांना बोलावले होते. तिथले लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले पाहून रमाबाईंना वाटले की हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! निघताना त्यांना संस्कृत भाषेतील बायबल भेट मिळाले. संस्कृतात ज्यांचा हात धरणारे थोडे, अशा रमाबाईंनी ते उघडले आणि त्यांना काही उमगले नाही. शब्द ओळखीचे होते. बोलणे निराळेच होते. वेळ फुकट जातो असे म्हणून त्यांनी वाचन सोडले. पुस्तक मात्र टाकून दिले नाही.

दुसरा प्रसंग ब्राह्म समाजाचे केशवचंद्र सेन यांच्या घरचा. त्यांनी विचारले की तुम्ही वेद वाचले आहेत काय. रमाबाई म्हणाल्या, स्त्रीला तो अधिकार नाही. केशवचंद्रांनी एका वेदाची प्रत त्यांच्या हाती दिली आणि वाचायचा आग्रह केला. भीतभीतच त्यांनी ती उघडली. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यायची म्हणून त्या धर्मशास्त्रेही वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांना एक गोष्ट दिसली. हे ग्रंथ शेकडो बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण काही बाबतींत सर्वांचे एकमत आहे. स्त्री, मग ती वरच्या जातीची असो वा खालच्या, जात्याच वाईट. नवऱ्याची सेवा एवढीच तिची गती. शूद्राची गतीही तशीच. वरच्या वर्णाची सेवा करून पुढचा जन्म सुधारायची वाट पाहावी.

आजवर हे ग्रंथ त्या लोकांना म्हणून दाखवत होत्या. आता त्यांनी स्वतः ऐकले, आणि त्यात आपल्याला जागा नाही हे त्यांना कळले. ऐकण्यातून श्रद्धा येते असे आपण सहज म्हणतो. पण नीट ऐकले की आधी असलेली श्रद्धा जातेही. जुने जाते तेव्हा माणूस फार एकटा पडतो. त्या एकटेपणाची ओळख तुमच्यातल्या अनेकांना असेल.

सिलचरच्या घरातले छोटे पुस्तक

१८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी सिलचरचे वकील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते बंगाली कायस्थ होते. रमाबाईंच्या जातीच्या हिशेबी शूद्र. जात आणि धर्मविधी दोन्ही बाजूला ठेवून केलेले हे लग्न होते. दोन्हीकडच्यांनी बहिष्कार घातला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा.

सिलचरच्या घरात एके दिवशी पुस्तकांत एक लहानसे पुस्तक सापडले. ते तिथे कोणी ठेवले, कधी आले, ठाऊक नव्हते. ते लूकचे शुभवर्तमान होते, बंगाली भाषेत. कलकत्त्याला जे संस्कृत बायबल दगडासारखे वाटले होते, त्याच ग्रंथाचा हा भाग त्यांनी आवडीने वाचला. भाषा देवळातली नव्हती, घरातली होती. आयझॅक ॲलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी गावात होते. ते घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातला पहिला अध्याय समजावून सांगू लागले. जगाच्या निर्मितीची ती कथा पुराणांतल्या कथांहून इतकी साधी होती की रमाबाईंचे मन तिकडे ओढले गेले.

बाप्तिस्मा घ्यावा असे त्यांनी पतीजवळ बोलून दाखवले. बिपिन बाबू मिशनच्या शाळेत शिकलेले, बायबल त्यांना माहीत होते. पण लोक ज्यांना हीन मानतात त्या ख्रिस्ती समाजात आपल्या बायकोने उघडपणे जावे हे त्यांना खपले नाही. जातीबाहेर लग्न करणारा सुधारक माणूसही या ठिकाणी अडला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी ते पटकीने वारले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या; पदरात दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हवेत अशी मागणी केली. याच काळात मिस हरफर्ड या मिशनरी बाईंकडे त्या इंग्रजी आणि मराठी नवा करार शिकू लागल्या. काशीचे चित्पावन पंडित असून १८४८ साली ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्याशीही त्यांची चर्चा होई.

त्यांना डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. परंतु त्यांना ऐकू कमी येत होते आणि बहिरेपण वाढत होते. वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग त्यामुळे बंद झाला. ज्या बाईच्या आयुष्याची दिशा ऐकलेल्या शब्दाने बदलली, तिचे कानच अधू होते. तेव्हा वचन ऐकायला नुसते तीक्ष्ण कान लागतात असे कोणी समजू नये.

विहिरीवरची बाई

वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींचा एक मठ होता. तिथे त्या राहिल्या. या भगिनींनी त्यांना काही दिवस लंडनच्या फुलहॅम भागातील आपल्या आश्रमात पाठवले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे ठेवलेल्या होत्या. त्यांना कोणी शिव्या देत नव्हते, प्रायश्चित्ताची भीती घालत नव्हते. भगिनी त्यांची सेवा करीत, त्यांना काम शिकवीत, आणि सुधारलेल्या स्त्रिया पुढे इतर स्त्रियांची शुश्रूषा करीत. रमाबाईंनी असे पूर्वी कोठे पाहिले नव्हते. आपल्याकडे अशा स्त्रीविषयी शास्त्र काय शिक्षा सांगते, ते त्यांना पाठ होते.

त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला विचारले की तुम्ही हे का करता. उत्तरादाखल तिने व्याख्यान दिले नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय उघडला आणि वाचून दाखवला.

तो प्रसंग असा आहे. येशू प्रवासात दमून एका विहिरीपाशी बसला आहे. भर दुपारी शोमरोन प्रांतातली एक बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांना हलके मानत, त्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत. येशू तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो. ती चकित होते. तुम्ही यहुदी असून माझ्या हातचे पाणी कसे मागता, असे विचारते. बोलता बोलता कळते की तिचे पाच नवरे झाले आहेत आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. तरीही तो तिला हाकलत नाही. उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमेत, असा वाद ती काढते, तेव्हा तो सांगतो की खरी उपासना कोणत्याही ठिकाणाला बांधलेली नाही. ती अंतःकरणाने आणि सत्याने करायची असते. ती बाई घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना बोलावून आणते.

पाणवठ्यावरचा विटाळ काय असतो ते तुम्ही जाणता. म्हणून ही कथा तुम्हाला रमाबाईंच्या कानांनी ऐकता येईल. जिने सारे बालपण या डोंगरावरून त्या तीर्थाला चालण्यात घालवले, जिचे आईबाप तीर्थांच्या वाटेवरच भुकेने गेले, जी स्वतः विधवा होती आणि जातीबाहेर लग्न केल्याचा शिक्का घेऊन वावरत होती, तिच्यापुढे हा अध्याय वाचला गेला. पापी म्हणून टाकलेल्या स्त्रीशी देव बरोबरीने बोलतो, असे सांगणारा ग्रंथ तिने प्रथमच ऐकला. आणि हे नुसते ग्रंथात नव्हते. फुलहॅमच्या आश्रमात तेच घडताना तिने डोळ्यांनी पाहिले होते. वचन आणि आचरण यांची गाठ पडली, तेव्हा ते वचन पटले. हिंदुस्थानातल्या दलित-पीडित स्त्रीला वर उठवण्याचे सामर्थ्य येथे आहे, असा त्यांचा निश्चय झाला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पुष्कळ चरित्रकार येथे थांबतात. रमाबाई स्वतः थांबल्या नाहीत, म्हणून त्यांची हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटली.

इकडे पुण्यात गदारोळ झाला. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांनीच दोष दिला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली सत्सार या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. शास्त्र वाचून त्यातला पक्षपात ओळखणाऱ्या विदुषीने तो धर्म सोडला यात त्यांना नवल वाटले नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये वेगळीच अडचण उभी राहिली. चर्चच्या धर्मगुरूंना वाटले की आता या बाईने सांगितले ते मानावे. रमाबाई प्रत्येक मताला पुरावा मागू लागल्या. ख्रिस्ताच्या देवपणाविषयीचे आणि त्रैक्याचे सिद्धांत मला पटेपर्यंत मी ते म्हणणार नाही, हा त्यांचा हट्ट. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, ती मला आणि माझ्या लोकांना कळणाऱ्या भाषेत का नकोत, असे त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हा त्यांनी सरळ विरोध केला. ब्राह्मणी पुरोहितशाहीतून सुटून दुसऱ्या पुरोहितशाहीच्या हाती मी माझे मन देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. बाप्तिस्मा त्यांनी आनंदाने घेतला होता. विचार करण्याचा हक्क गहाण ठेवला नव्हता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीतून आणि बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की आता काय राहिले? धर्म बदलला, विद्या मिळाली, संस्था झाली. परंतु रमाबाईंनी स्वतःविषयी जे लिहिले त्याचा आशय असा की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली तरी आतली तळमळ शमली नव्हती. पुण्य कमवायचे, चांगली कामे करायची, देवाला काहीतरी देऊन प्रसन्न करायचे, हा पुराणातला जुना हिशेब मनात तसाच बसलेला होता. नाव नवे, वही जुनी.

त्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे लोकांना उपदेश करीत होता. पण १८५१ साली एके दिवशी व्यासपीठावर उभा राहून स्वतःचेच प्रवचन करताना त्या वचनाचा अर्थ त्याला प्रथम उमगला. रमाबाईंना त्यात आपले चित्र दिसले. सांगणाराही न ऐकता सांगत राहू शकतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्यांनी बायबल पुन्हा हाती घेतले, या वेळी दुसऱ्याला शिकवण्यासाठी नव्हे. १८९१ च्या सुमारास त्यांची खात्री झाली की ही मुक्ती विकत मिळत नाही आणि कमवावीही लागत नाही. जात, स्त्रीपुरुषभेद, विद्या, दान यांपैकी काहीही तिच्या आड येत नाही. स्त्रीने पुढच्या जन्मी ब्राह्मण पुरुष होण्याची वाट पाहायला नको. आहे त्या जन्मात, आहे त्या देहात ती मुक्त आहे.

ईश्वर आणि पापक्षमा या कल्पना तुम्हाला पटोत अथवा न पटोत. रमाबाईंच्या अंगी त्यानंतर जे बळ आले ते मात्र इतिहासात नोंदलेले आहे. शारदा सदनात त्या आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून मुलीसह प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ झाले. केसरीने टीका केली, सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले, अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंनी दार बंद केले नाही.

केडगावचा छापखाना

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे केले. भुकेने आईबाप मेलेली मुले त्यांनी स्वतः एकदा अनुभवली होती. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांचे होते. दुष्काळाने आणलेल्या या मुली सर्व जातींच्या होत्या. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, अंध मुलींना वाचन असे सगळे तिथे चाले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलहॅमला पाहिलेले त्यांनी येथे उभे केले.

एक प्रश्न येथे टाळता येत नाही. उपाशी मुलीला अन्न देणाऱ्या हातानेच धर्मही दिला, तर ती मुलगी नाही कशी म्हणेल? हा आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि तो फुकाचा नाही. अन्नाच्या उपकाराखाली आलेला होकार म्हणजे श्रद्धा नव्हे. रमाबाईंच्या स्वतःच्या चरित्रावरूनच हे सिद्ध होते; त्यांना पंडिता असून आठ वर्षे लागली, तर अक्षर न येणाऱ्या मुलीचे एका दिवसात कसे व्हावे?

या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर त्यांच्या शेवटच्या कामात सापडते. रूढ मराठी बायबल त्यांना जड वाटे. त्यात संस्कृत शब्दांची गर्दी होती आणि त्या शब्दांना जुने अर्थ चिकटलेले होते. केडगावच्या मुलीला ते कळेना. कलकत्त्याला संस्कृत बायबलापुढे आपण कसे बसलो होतो, हे रमाबाई विसरल्या नसाव्यात. पन्नाशीच्या आसपास त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथावरून साध्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर एकटीने हाती घेतले. आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्या कामात गेली. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पाने शिवणाऱ्या बायका मुक्ती सदनातल्याच होत्या. वेदाचा शब्द जिच्या कानावर पडू नये असा नियम होता, ती बाई आता धर्मग्रंथ आपल्या हातांनी छापत होती आणि छापता छापता वाचत होती.

१९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईचे काम पुढे नेणारी एकुलती मुलगी गेली, तरी भाषांतर थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले तेव्हा ते पूर्ण झाले होते. छापलेला संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागे १९२४ साली बाहेर पडला.

वाचक बंधु-भगिनींनो, घाटावर बसून अर्थ न सांगता पुराण म्हणणारी मुलगी आणि एकेका शब्दासाठी खेड्यातल्या बाईची भाषा शोधणारी वृद्ध विदुषी ही एकच व्यक्ती. या दोघींच्या मधले अंतर हाच तिचा धर्मशोध. तो बाप्तिस्म्याच्या दिवशी सुरूही झाला नव्हता आणि संपलाही नव्हता.

तुमच्या घरात वचने म्हटली जातात तेव्हा ती म्हणणाऱ्या लेकराला आणि कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या म्हाताऱ्या आईला त्यांचा अर्थ कळतो की नाही, हे विचारा. कळत नसेल तर घरच्या बोलीत सांगा. त्यांनी शंका काढली तर रागावू नका. शंका काढणारा माणूस खरोखर ऐकत असतो. आणि जे सांगाल ते त्यांना तुमच्या वागण्यात कुठेतरी दिसू द्या. नुसते म्हणत राहिलो, तर आपल्यात आणि घाटावरच्या त्या श्रोत्यांत फरक तो काय राहिला?